तोडणकरांच्या संघाला येणारा ताप

रमाकांत तोडणकरांचा हात थंडगार असायचा. मला हे माहीत आहे, कारण ओळख होऊन पाच मिनिटं झाली नसतील तोच त्यांनी तो माझ्या कपाळावर ठेवला होता. "ताई, तुम्हांला कणकण आहे," म्हणाले. मला कणकण-बिणकण काही नव्हती. सकाळपासून मॅटच्या पट्ट्या जोडत उन्हात उभी होते, म्हणून घामाघूम झाले होते एवढंच. पण त्यांनी पिशवीतून ओआरएसचं पाकीट काढलं, पाण्याच्या बाटलीत ओतलं, बाटली हलवली आणि मी ती संपवीपर्यंत समोरून हलले नाहीत. मग त्यांचा हात माझ्या मुलीच्या कपाळाकडे वळला. "आय ॲम फाइन, अंकल," म्हणत ती दोन पावलं मागे सरली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ही इज सो फेक, मम्मा." मी तिला दटावलं. मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये, किती मायेने विचारतात, वगैरे. चौदा वर्षांच्या पोरीला जे पाच मिनिटांत कळलं ते मला कळायला चार हंगाम लागले.

आमचे हंगाम म्हणजे कबड्डीचे. दुबईत नोव्हेंबर ते मार्च हवा माणसात असते, तेवढ्यात दर रविवारी सकाळी सिलिकॉन ओएसिसच्या पलीकडच्या एका वाळूच्या मैदानावर आम्ही मॅट टाकतो. आठ संघ. खेळणारी मुलं बहुतेक कोकणातली आणि घाटावरची, साइटवर, एसीच्या कामावर, डिलिव्हरीच्या बाइकवर राबणारी. मी तरुणपणी रत्नागिरीला कॉलेजच्या संघात उजवा कोपरा सांभाळलेला, त्यामुळे गुण लिहायचं आणि सामन्यांचं वेळापत्रक लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुढे मला सेक्रेटरीच करून टाकलं. पोटापाण्यासाठी मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे आलेला कागद पूर्ण आहे का, सही आहे का, शिक्का आहे का, एवढं बघायचं. कागदात लिहिलंय ते खरं आहे का, हे बघायचा पगार मला मिळत नाही. ही सवय मैदानावरही माझ्याबरोबर आली, आणि ती मला पुढे नडली.

तोडणकर 'दर्याराज' संघाचे मॅनेजर. वय अठ्ठावन्नच्या आसपास, गुळगुळीत दाढी, पांढरा हाफ शर्ट, खिशात एक पेन आणि एक डिजिटल थर्मामीटर. अंगाला कायम बामाचा वास. आवाज कधी चढवला नाही, शिवी कधी दिली नाही. पंचांनी विरुद्ध निर्णय दिला तर आमच्याकडचे मॅनेजर मैदानात घुसतात. हे मात्र तिथूनच हात जोडायचे आणि म्हणायचे, "माणूस आधी, मॅच नंतर." वाक्य एवढं चांगलं की त्यावर पुढे बोलायला जागाच नसायची. सिलिकॉन ओएसिसमध्ये एका क्लीनिंग कंपनीत ते ॲडमिनला होते आणि त्यांच्या संघातली निम्मी मुलं त्याच कंपनीत कामाला. मुलांची सुट्टी यांच्या हातात, ओव्हरटाइम यांच्या हातात, पासपोर्टच्या रिन्युअलचे फॉर्म यांच्या हातात. यांनी आजारी पडा म्हटलं तर पोरं आजारी पडणारच.

करोनानंतरच्या पहिल्या मीटिंगमध्ये हेच उभे राहिले आणि म्हणाले, आपली पोरं गरीब आहेत, अंगात ताप असताना खेळतील आणि कुणाला सांगणार नाहीत, तर असा नियम हवा की संघातले तीन खेळाडू आजारी असले आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं तर सामना एक आठवडा पुढे जावा. ओरिजिनल कागद सामन्याच्या वेळी मैदानावर सेक्रेटरीच्या हातात द्यायचे, म्हणजे कुणी फसवाफसवी करायला नको. ही पुस्तीही त्यांनीच जोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून तो नियम स्वच्छ टाइप केला आणि खाली सेक्रेटरी म्हणून सही ठोकली.

पहिल्यांदा त्यांची पाच मुलं बिर्याणीने आजारी पडली तेव्हा माझा जीव खरंच कळवळला. खोलीत आठ-आठ जण राहतात, पोट बिघडलं तर बाथरूम तरी मिळत असेल का, असले विचार. मी सकाळी उठून मोठ्ठा डबाभर मुगाची खिचडी केली, वर ताकाची बाटली, आणि गाडी काढून तोडणकरांकडे गेले, कारण पोरं त्यांच्याच बिल्डिंगशेजारी राहत. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये शिरले तर दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाचही पेशंट एकमेकांचे पाय ओढत होते. पकडीचा सराव. मला बघून एकाने पोट धरलं, दुसऱ्याने चुकून डोकं धरलं. तोडणकर बाजूला खुर्ची टाकून बसले होते. जरासुद्धा गडबडले नाहीत. उठून पुढे आले, माझ्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणाले हालचाल ठेवा, नाहीतर अंग आंबेल." मग झाकण उघडून चार बोटं खिचडी तोंडात घातली. "हिंग थोडा कमी पडला ताई, पण पोटाला हलकीच बरी." मी बावळटासारखी 'बरं' म्हणून परत आले. संध्याकाळी कळलं, त्यांचा मुख्य चढाईपटू सुट्टीवर गावी गेला होता आणि सोमवारी उतरणार होता.

मग हे नेहमीचंच झालं. डावा कोपरा लग्नाला गेला, दर्याराजला ताप. कुणाचा घोटा मुरगळला, दर्याराजला डोळे आले. कागद मात्र दर वेळी चोख. डॉक्टरचा तरी काय दोष, पोट दुखतंय म्हणून माणूस समोर कण्हत असेल तर आत डोकावून कोण बघणार? मी कागद बघायचे, तारीख, सही, शिक्का, आणि फाइलला लावायचे.

प्रेक्षकांना तर मेजवानीच मिळाली. विनोदात सगळ्यांचा म्होरक्या इम्रान मुकादम, रत्नागिरीचा, 'सह्यकडा' संघाचा कॅप्टन, दुबईच्या देरा भागात मोबाइलचं दुकान चालवणारा. तो म्हणायचा, "हबीबी, दर्याराजला ताप येतो तो मच्छरनी नाय, शेड्यूलनी." मी नवं वेळापत्रक ग्रुपवर टाकलं की खाली लगेच प्रश्न यायचे, पुढच्या महिन्यात कुठला आजार आहे, आम्हाला आधी कळवा म्हणजे सुट्टी ॲडजस्ट करतो. एकाने तोडणकरांचा फोटो घेऊन गळ्यात स्टेथोस्कोप चिकटवला आणि त्याचा स्टिकर केला. सामन्याच्या दिवशी दर्याराजची मुलं मॅटवर उतरली की बाजूने ओरडा व्हायचा, "अरे, आज बरे कसे?" आणि अख्खं मैदान हसायचं. मीही हसायचे. घरी जाऊन नवऱ्याला रंगवून सांगायचे.

तोडणकर सगळ्यांत जास्त हसायचे. तो स्टिकर त्यांनी स्वतःच्या प्रोफाइलला लावला. गणपतीच्या कार्यक्रमात इम्रानने स्टेजवरून त्यांना च्यवनप्राशचा डबा भेट दिला, तर त्यांनी तो कपाळाला लावून घेतला आणि इम्रानला मिठी मारली. लोक म्हणायचे, काही म्हणा, माणूस खिलाडू आहे. मला आज सगळ्यांत शिसारी कशाची येत असेल तर त्या हसण्याची. बेशरम माणसाला तुम्ही चिडवलंत की तो लाडका होतो, आणि लाडक्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. चार हंगाम आम्ही त्यांना कडेवर घेऊन नाचवत होतो.

आता जना मांडवकरबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे. जना राजापूरकडचा, मुसाफ्फाच्या कॅम्पात राहणारा, अबुधाबीच्या साइटवर परांच्या बांधणारा. अकरा वर्षं इथे. सह्यकड्याचा चढाईपटू. बारीक चणीचा, अडतिशीला आलेला, पण दम असा की समोरचे सात जण कंटाळून जात. अकरा वर्षांत त्याचा संघ तीन वेळा फायनलला गेला आणि तिन्ही वेळा जनाला ड्युटी लागली. या वर्षी संघ पुन्हा फायनलला पोचला, समोर दर्याराज, आणि त्याच सुमारास त्याच्या कंपनीचं काम संपलं. व्हिसा कॅन्सल, बुधवारचं तिकीट. फायनल त्याच्या आधीच्या रविवारी. फोरमनने या वेळी स्वतःहून सुट्टी दिली.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी कायमचा गावी निघाला की त्याच्या शेवटच्या सामन्यात पहिली चढाई त्याची. तिला निरोपाची चढाई म्हणतात. दोन्ही संघ उभे राहतात, शिट्टी वाजायच्या आधी त्याचं नाव, गाव आणि इथली वर्षं पुकारली जातात, आणि गावाकडची माणसं व्हिडिओ कॉलवर बघतात. समोरचे त्याला सोडत वगैरे नाहीत, खरी पकड करतात. तोच मान असतो. जनाच्या गावाने देवळाच्या मंडपात पडदा लावायचं ठरवलं होतं. त्याचा मुलगा ओंकार नऊ वर्षांचा. बापाला त्याने सुट्टीत चुलीपुढे नाहीतर शेतात बघितलेलं, मॅटवर कधीच नाही. जना मला फोनवर म्हणाला होता, "ताई, पोराला वाटतं मी तिकडे नुसते पाइप उचलतो. एकदा बघूदे."

रीतीप्रमाणे निरोपाची चढाई असली की आठवडाभर आधी ग्रुपवर जाहीर करायची. ते काम सेक्रेटरीचं. मी मोठ्या हौसेने लिहिलं, जनाचा फोटो टाकला, फायनलची तारीख टाकली आणि बुधवारी तो कायमचा निघतोय हेही टाकलं. खाली सगळ्यांनी हात जोडले. पहिले हात तोडणकरांचे होते.

शनिवारी दुपारी त्यांचा मेसेज आला. चार खेळाडूंना व्हायरल, सर्टिफिकेट सोबत, आजारपणाच्या नियम सातप्रमाणे फायनल पुढच्या रविवारी घ्यावी.

मी फोन केला. "तोडणकर, जना बुधवारी चाललाय."

"माहीत आहे ताई. मला इतकं वाईट वाटतंय, सकाळपासून चहा गेला नाही."

"मग उद्या खेळा ना. बदली खेळाडू आहेत तुमच्याकडे."

"ताई, उद्या एखादा पोरगा मॅटवर कोसळला तर त्याच्या आईला काय उत्तर देऊ? माणूस आधी."

मी इम्रानला फोन केला. तो नेहमीसारखाच हसला. "रूल आहे ताई, तुम्हीच टाइप केलेला. भांडून काय होणार, खलास. पुढच्या संडेला बघू, इन्शाल्ला." ग्रुपवर तोवर विनोदांचा पाऊस सुरू झाला होता. स्टिकर, थर्मामीटर, रडून हसणारे चेहरे. अकरा वर्षं राबलेल्या माणसाचा एक दिवस चाललाय, आणि आमचे लोक हसतायत. एकानेही लिहिलं नाही की हे चूक आहे. मीही लिहिलं नाही. सेक्रेटरी म्हणून मला नाही म्हणता आलं असतं. फार तर गोंधळ झाला असता, शिव्या पडल्या असत्या. पण कागद पूर्ण होते. तारीख होती, सही होती, शिक्का होता. मी 'सामना पुढे ढकलण्यात येत आहे' असं टाकून दिलं.

संध्याकाळी जनाचा फोन. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "ताई, उद्या मॅट टाकलेली असेल का?"

"ती कालपासूनच टाकलीय. का रे?"

"मी येतो. आयेला सांगवत नाही हो. मंडपात माणसं येणार, लांबून मामा आलाय. मी जरा चढाई करून दाखवतो, तुम्ही फोन धरा. बाजूचं कशाला दिसायला हवं त्यांना?"

फायनल पुढच्या रविवारी झाली आणि दर्याराज जिंकले. मी गेले नाही. सेक्रेटरीपद सोडलं, फाइल इम्रानच्या दुकानात ठेवून आले. तोडणकरांना मी शेवटचं बघितलं ते त्याआधीच्या रविवारी, सकाळी, त्या रिकाम्या मैदानावर. नियमाप्रमाणे ओरिजिनल कागद सामन्याच्या वेळी माझ्या हातात द्यायला ते आले होते. वेळ पाळण्यात त्यांचा हात कोण धरणार?

जना आधीच येऊन बसला होता. संघाची जर्सी, गुडघ्यांना पट्ट्या, केस नीट विंचरलेले. तोडणकर प्लास्टिकच्या फोल्डरमधून एकेक कागद काढून मला देत होते आणि तो शेजारी उभा राहून ऐकत होता. "हा राकेश, एकशे दोन. हा सुभाष, त्याला तर उलट्या." जना म्हणाला, "साहेब, पोरं बरी होतील ना?" मी त्याच्याकडे बघितलं. तो टोमणा मारत नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं, न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. पण समोर कुठलाही साहेब आला की त्याच्या तोंडून असंच निघायचं, अकरा वर्षांची सवय. "होतील रे," तोडणकर म्हणाले, "तू काळजी करू नकोस. तू सुखरूप घरी जा."

मी म्हटलं, "जना, मी उभी राहते समोर. कोपरा सांभाळलाय मी."

"नको ताई. तुमच्यावर कशी चढाई करू? आणि फोन कोण धरणार?" मग तो जरा घुटमळला. "साहेब, तुम्ही नुसते मागच्या रेषेवर उभे राहता? एक माणूस जरी दिसला तरी..."

तोडणकरांनी मांडीवर हात ठेवला. "राहिलो असतो रे. पण ही नस आखडलीय काल रात्रीपासून. डॉक्टरने उभं राहायला बंदी केलीय." हे ते उभ्याउभ्याच सांगत होते. चेहऱ्यावर खरीखुरी वेदना होती.

जनाने कॉल लावला. पडद्यावर मंडप दिसला, पुढे पोरं, मागे बायका, कुणीतरी ढोलकी घेऊन बसलेलं. मी फोन हातात घेतला आणि फक्त त्याच्यावर धरला, कमरेपासून वर, म्हणजे पलीकडची रिकामी मॅट दिसायला नको. जनाने मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि आत शिरला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. समोर कुणी नाही. तरी तो डावीकडे झेपावला, कुणाचा तरी हात चुकवला, पाय मागे झाडला, वळला, कुणाच्या तरी पकडीतून अंग सोडवलं. एकदा तर खरोखर पडला आणि सरपटत येऊन रेषेला बोटं टेकवली. दम तोवर सुटला नव्हता. मी आयुष्यात बऱ्याच चढाया बघितल्यात. इतकी चोख बघितली नाही.

फोनमधून पोराचा आवाज आला, "बाबा, किती मारले?"

जना गुडघ्यांवर वाकून धापा टाकत होता. त्याने माझ्याकडे बघितलं. खरं सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि खोटं बोलायचं ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा नव्हता.

माझ्या मागून खणखणीत आवाज आला. "चार! एका चढाईत चार गडी बाद!"

मंडपात एकच कल्ला उठला. ढोलकी, शिट्ट्या, कुणीतरी ओंकारला उचलून खांद्यावर घेतलं. जनाची आई पुढे येऊन पदराने डोळे पुसत विचारायला लागली, कोण बोललं ते, कोण माणूस? तोडणकर माझ्या खांद्यावरून पुढे वाकले. पडद्यावर त्यांचा चेहरा आला, डोळे पाण्याने भरलेले. "मी समोरच्या संघाचा मॅनेजर, माउली. तुमचा लेक वाघ आहे. माझ्या चार पोरांना त्याने एका दमात झोपवलं." म्हातारीने तिकडून दोन्ही हात वर केले. "देव तुमचं भलं करो. माझ्या लेकाला तुम्ही मान दिलात."

जना उठून आला होता. अंगाला वाळू लागली होती, श्वास अजून बसला नव्हता. त्याने तोडणकरांपुढे हात जोडले. मनापासून जोडले, मला दिसत होतं. आणि तोडणकरांनी त्याला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं, फोनकडे तोंड करून, म्हणजे गावाला नीट दिसावं.

दोघं चौकटीत मधोमध यावेत म्हणून मी फोन थोडा वर धरला.